तीस सेकंदांची रेघ

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी उशाशी फोन थरथरला. आईचा मेसेज होता. शब्द एकही नाही, नुसतं चित्र. बारीक चौकटींच्या कागदावर काढल्यासारखी एक काळी रेघ. कुठे दोन टोकं एकमेकांना चिकटलेली, तर कुठे मध्येच मोठी मोकळी जागा. मी उठून बसले आणि लगेच फोन लावला. मला वाटलं होतं ती घाबरलेली असेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "सापडलं बघ."

त्या 'सापडलं'मागे एक अख्खं वर्ष होतं. वर्षभर तिला मधूनच छातीत फडफड व्हायची. कधी आठवड्यातून एकदा, कधी पंधरा दिवसांतून. दहा-वीस मिनिटं चालायची आणि आली तशी निघून जायची. तपासायला जावं, तर तोवर सगळं सुरळीत. तीनदा इसीजी काढला, तिन्ही वेळा सरळसाधा. चोवीस तास अंगावर बाळगायचं यंत्रही लावून झालं, आणि नेमके तेच चोवीस तास छाती गप्प राहिली. "या वयात असं होतं, मनाला लावून घेऊ नका," असं एका डॉक्टरांनी सांगितलं. वाईट हेतूने नाही, समजुतीच्या सुरातच. पण त्या दिवशी घरी आल्यावर आई मला म्हणाली, "मला जे होतं ते खरंच होतं का, असं आता माझं मलाच वाटायला लागलंय." आजारापेक्षा तिचं हे वाक्य मला जास्त लागलं.

नंतर ज्या डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी च्युइंगगमच्या पाकिटाएवढी एक पट्टी घ्यायला सांगितली. पट्टीवर धातूच्या दोन चकत्या. फडफड सुरू झाली की दोन्ही हातांची बोटं त्यांवर टेकवायची आणि तीस सेकंद हलायचं नाही. शेजारी ठेवलेला फोन रेघ काढतो. चौथ्या आठवड्यात, त्या पहाटे, ती रेघ मिळाली.

एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. रक्त तिथे रेंगाळतं, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो. डॉक्टरबाईंनी ती रेघ स्वतः पाहिली, मग दोन आठवडे छातीवर चिकटवायची दुसरी एक पट्टी लावून खात्री करून घेतली, आणि रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून गोळी सुरू केली. गोळी तर महत्त्वाची होतीच. पण आईच्या चेहऱ्यावरचा ताण त्याआधीच, रेघ मिळाली तेव्हाच, निम्मा उतरला होता. तिच्या शरीराने वर्षभर जे सांगितलं, त्याला पुरावा मिळाला होता.

त्यानंतर मी या रेघेचा इतिहास वाचत बसले आणि एका गोष्टीने थक्क झाले. हृदयाची रेघ आणि फोन यांची सोबत शंभर वर्षांहून जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोवेन यांनी हृदयातली वीज अचूक टिपणारं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं. त्याचं वजन जवळपास 270 किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. यंत्र प्रयोगशाळेत, रुग्ण दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. ना यंत्र हलवता येत होतं, ना आजारी माणसं सारखी आणता येत होती. तेव्हा आइन्टहोवेन यांनी 1905 साली रुग्णालयातून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार वापरली. हृदयाचे ठोके तारेतून गेले आणि दीड किलोमीटरवर त्यांची रेघ उमटली. 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आई दोन हातांची बोटं टेकवते, ती म्हणजे त्यांच्या त्या दोन भांड्यांचीच जागा. उजवा हात आणि डावा हात यांच्यातल्या विजेचा फरक, ही इसीजीतली पहिली जोडी आजही तीच आहे. पाच माणसांचं काम फोन एकटा करतो, हे खरं. पण लायडनमध्ये तारेच्या दुसऱ्या टोकाला रेघेची वाट बघत एक माणूस बसला होता. तो दुसऱ्या टोकाचा माणूस माझ्या डोक्यातून जाईना.

याहून जुनी एक नोंद आहे, 1879 सालची, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातली. टेलिफोन जन्मून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. मध्यरात्री एका आजीने डॉक्टरांना उठवलं. नातवंडाला खोकल्याची उबळ आली होती आणि हा घटसर्पासारखा घसा कोंडणारा आजार तर नाही, ही तिची भीती. डॉक्टर म्हणाले, बाळाला फोनजवळ उचलून धरा, मला खोकला ऐकू द्या. त्यांनी तो ऐकला आणि सांगितलं, तो आजार हा नाही. मग सगळे झोपले. तिथे ना रेघ होती, ना आकडा. एका घाबरलेल्या बाईला मध्यरात्री ऐकणारा कान मिळाला होता.

मला वाटतं, फोनने आरोग्यसेवेत केलेला सगळ्यात मोठा बदल इथे आहे. डॉक्टरांसमोर आपण वर्षातून किती वेळ बसतो? बऱ्याच जणांच्या बाबतीत सगळी मिळून तासा-दोन तासांची बेरीज. आजार मात्र उरलेल्या सगळ्या तासांत आपल्याबरोबर राहतो. तो पहाटे येतो, जिन्यात येतो, घरातली सगळी माणसं बाहेर गेल्यावर येतो. तपासणीच्या खोलीत आपण सांगतो ती आठवण असते, आणि दुखण्याची आठवण फार बेभरवशाची. "कधीपासून होतंय?" या साध्या प्रश्नावर किती जण गडबडतात! फोन त्या उरलेल्या तासांत आपल्याजवळ असतो.

मधुमेही मुलांच्या आईबापांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मुलाची साखर रात्री झोपेतच धोकादायक इतकी उतरू शकते. त्वचेखाली बारीक तार ठेवून दर पाच मिनिटांनी साखर मोजणारी यंत्रं आली होती. पण आकडा फक्त मुलाजवळच्या छोट्या डबीवर दिसायचा. मूल शाळेत, आकडा शाळेत, आई कामावर. 2013 च्या सुमारास अमेरिकेतल्या एका अभियंता वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या डबीतले आकडे इंटरनेटवर आणि तिथून स्वतःच्या फोनवर आणण्याची युक्ती स्वतःच लिहून काढली. मग असेच इतर पालक जोडले गेले, आणि 'नाइटस्काउट' नावाचा सगळ्यांना फुकट मिळणारा प्रकल्प उभा राहिला. 'आम्ही वाट बघत बसणार नाही' हे या चळवळीचं घोषवाक्य. पुढे कंपन्यांनीही ही सोय दिली. पण सुरुवात केली ती रात्री दोनला गजर लावून मुलाच्या बोटाला सुई टोचणाऱ्या माणसांनी.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हे सगळं महागड्या फोनचं कौतुक आहे. म्हणून ज्या अभ्यासाने माझे विचार सगळ्यात जास्त बदलले, तो सांगते. त्यात स्मार्टफोन नव्हताच.

केनियात एचआयव्हीवरची औषधं नुकतीच सुरू झालेल्या 538 रुग्णांवरचा हा अभ्यास 2010 साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीची सेवा. उरलेल्यांना त्याबरोबर दर आठवड्याला दवाखान्यातून एक मेसेज: 'मांबो?' स्वाहिलीत म्हणजे साधारण 'कसं काय?' उत्तर दोन दिवसांत द्यायचं. 'सावा' म्हणजे ठीक आहे, 'शिदा' म्हणजे अडचण आहे. 'शिदा' आलं, किंवा काहीच आलं नाही, तर नर्स फोन करायची. एवढंच. औषधाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही, 'गोळी घेतली का' असा प्रश्नही नाही. घरातल्या कुणी फोन हातात घेतला तरी गुपित फुटणार नाही, इतका साधा मेसेज.

वर्षभराने पाहिलं, तर नेहमीच्या गटात 50 टक्के रुग्ण औषधं नीट घेत होते आणि 'मांबो' गटात 62 टक्के. रक्तातला विषाणू आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण 48 च्या जागी 57 टक्के. एका शब्दाच्या प्रश्नाने आणि त्यामागच्या एका फोनने.

मी यावर पुष्कळ विचार केला. गोळीची आठवण करून देणारा गजर कुणीही लावू शकतं, आणि चार दिवसांनी तो झोपेतच बंद करण्याची सवयही लागते. 'कसं काय?' हा मेसेज मात्र बंद करता येत नाही, कारण उत्तर दिलं नाही तर पलीकडे कुणाच्या तरी लक्षात येतं. लक्षात येणारी ती नर्स काढून टाकली आणि तिच्या जागी आपोआप मेसेज पाठवणारी व्यवस्था बसवली, तर तेच आकडे येतील का? मला नाही वाटत. आणि आज पैसे वाचवायचे म्हणून सगळ्यात आधी नेमकी हीच माणसं कमी केली जातात, याची मला खरी भीती वाटते.

जिथे माणूस पोचणं कठीण, तिथे यंत्राने काम सोपं केल्याचीही उदाहरणं आहेत. माझं आवडतं उदाहरण कॅमेरूनचं. मध्य आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माशीमुळे पसरणारा एक आजार माणसाला आंधळं करतो. त्यावर आयव्हरमेक्टिन हे उत्तम औषध आहे. पण त्याच भागात लोआ लोआ नावाचा दुसरा एक जंत काही लोकांच्या रक्तात प्रचंड संख्येने असतो. अशा माणसाला हे औषध दिलं, तर मेंदूला इजा होऊन तो दगावूही शकतो. ओकोला भागात 1999 च्या मोहिमेत असे मृत्यू झाले, लोकांचा विश्वास उडाला, मोहीम थांबली. अडचण साधी आणि भयंकर होती: हजारांत कुणाला औषध द्यायचं नाही, हे ओळखायचं कसं? प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन, रंगवून, जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली जंत मोजत बसणं त्या गर्दीत शक्यच नव्हतं.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात डॅनियल फ्लेचर यांच्या गटाने फोनच्या कॅमेऱ्याचाच सूक्ष्मदर्शक केला. बोटाला टोचून घेतलेलं रक्त बारीक नळीत भरायचं, नळी खोक्यात सरकवायची. फोन रक्ताचं चित्रीकरण करतो. जंत दिसायला फार बारीक, पण ते वळवळतात, आणि त्या वळवळीने आजूबाजूच्या रक्तपेशी ढकलल्या जातात. फोन ती हालचाल मोजतो. रंग नको, प्रयोगशाळा नको, दोन-तीन मिनिटांत उत्तर. 2015 साली त्याच ओकोलात 16,000 हून अधिक लोकांची अशी तपासणी झाली. जवळपास दोन टक्के लोकांना जंत जास्त म्हणून औषध दिलं नाही, बाकीच्यांना दिलं, आणि मेंदूची गंभीर इजा एकालाही झाली नाही. ज्या गावांत औषधाच्या नावाने लोक दार लावून घेत होते, तिथे पुन्हा औषध पोचलं.

पण फोन सांगतो म्हणून सगळं खरं, असंही नाही. फोनच्या कडेवर बोट ठेवा, फोन छातीला लावा, रक्तदाब कळेल, असा दावा करणारं एक ॲप 2014-15 मध्ये एक लाखाहून जास्त वेळा विकलं गेलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासलं. ज्यांचा रक्तदाब खरोखर जास्त होता, अशा चारांपैकी तिघांहून अधिक जणांना त्याने 'सगळं ठीक' सांगितलं होतं. घाबरवणारं ॲप निदान दवाखान्यात तरी पाठवतं. खोटा धीर देणारं ॲप माणसाला घरी बसवतं.

बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र तर साथीच्या काळात घराघरांत पोचलं. त्यामागची कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांची, 1970 च्या दशकातली, आणि तिने अगणित जीव वाचवले. तरीही 2020 च्या डिसेंबरात मिशिगनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की यंत्र 92 ते 96 असा बरा आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन 88 च्या खाली असल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के. यंत्र प्रकाश त्वचेतून आरपार पाठवतं, आणि त्वचेतला रंग त्या प्रकाशात ढवळाढवळ करतो. ऑक्सिजन मोजणारी स्मार्ट घड्याळं आणि बोटातल्या अंगठ्याही प्रकाशानेच मोजतात. आकडा दिसला की विचारायला हवं, हा कुणाच्या कातडीवर पारखून घेतलाय.

आईच्या पट्टीच्याही मर्यादा डॉक्टरबाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगितल्या होत्या. ती लय सांगते, हृदयविकाराचा झटका सांगू शकत नाही. छातीत दुखत असताना रेघ नीट आली म्हणून घरी थांबायचं नाही. शिवाय आईला त्रास होत होता, म्हणून शोधाला अर्थ होता. ज्यांना काहीच होत नाही, त्यांच्या मनगटावरच्या पहाऱ्याचा हिशोब वेगळा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 4,19,297 जणांवर ठोके टिपणाऱ्या स्मार्ट घड्याळाचा अभ्यास केला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात अनियमित ठोक्यांचा इशारा फक्त 0.52 टक्के लोकांना मिळाला. पुढे ज्यांनी छातीवर पट्टी लावून तपासणी पुरी केली, त्यांच्यातल्या 34 टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हा विकार येतो-जातो, त्यामुळे बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असं म्हणता येत नाही. पण त्या मधल्या काळात ती माणसं काय घेऊन झोपत असतील, ते आकड्यांत येत नाही.

ते मी आत्याच्या घरी पाहिलंय. तिच्या गाठीचा तुकडा तपासणीला दिला होता. डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी. रात्री साडेअकराला तिच्या फोनवर सूचना आली: तुमचा अहवाल तयार आहे. कुणाला राहवेल? तिने उघडला. लांबलचक वाक्यांत एकच शब्द तिला कळला आणि तो कर्करोगाचा होता. बाकीचे शब्द ती पहाटेपर्यंत फोनवरच शोधत राहिली, आणि शोधेल तितकं वाईटच सापडत गेलं. सकाळी मी गेले तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती, फोन मांडीवर, चार्जिंग संपलेला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावलं, की गाठ लवकर सापडली आहे, या प्रकाराला उपचार चांगले लागू पडतात. आज ती बरी आहे. पण त्या दोन रात्रींबद्दल ती अजून बोलत नाही.

अहवाल तिचा होता, तो पाहण्याचा हक्कही तिचाच. डॉक्टरांनी कागद दडवून ठेवावेत, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या सूचनेत आणखी एक ओळ मावली असती: आत्ता पाहायचा, की डॉक्टरांसोबत? आणि आत्ताच पाहिलात, तर या नंबरवर बोला. तो अहवाल काही सेकंदांत पोचवणारी व्यवस्था ज्यांनी बांधली, त्यांना हे अवघड नव्हतं. त्यांच्या लेखी अहवाल पोचला म्हणजे काम संपलं.

माहिती कुठे जाते, हा प्रश्न उरतोच. सिंगापूरने 2020 मध्ये संपर्क शोधण्यासाठी ॲप आणलं तेव्हा ते फक्त साथीसाठी असल्याचं सांगितलं होतं. 2021 च्या जानेवारीत संसदेत स्पष्ट झालं, की गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसही ती माहिती मिळवू शकतात. लोक चिडले, मग घाईने कायदा करून मर्यादा घालावी लागली. आजारपणात माणूस सगळ्यात उघडा असतो. त्या वेळी दिलेल्या शब्दाची किंमत मोठी असते.

आईची पट्टी आता तिच्या चष्म्याच्या घरात असते. गोळीमुळे धोका कमी झालाय, फडफड मात्र अधूनमधून येते. रेघ काढून झाली की ॲपमध्ये खाली एक रिकामी चौकट येते, टिपणासाठी. मला वाटलं होतं ती चौकट कुणी भरत नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी आईचा फोन हातात घेतला आणि एकेक रेघ मागे सरकवत निघाल्या. मी मागे उभी राहून वाचत होते. 'जिना चढले.' 'झोप लागली नाही.' 'धाकटीशी भांडण, चूक माझीच.' 'काही कारण नाही.' डॉक्टरबाईंचं बोट भराभर चाललं होतं. मग एका रेघेपाशी ते थांबलं. रेघ अगदी नियमित होती, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. खाली आईने लिहिलं होतं: 'फडफड नाही. यांची आठवण आली, म्हणून काढून बघितली.'

डॉक्टरबाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि आईला विचारलं, "किती वर्षं झाली त्यांना जाऊन?"